काठीचा हात, तळव्याचा हात



स्मृतिव्याख्यानाला उभं राहताना वक्त्यावर एक जबाबदारी असते. ज्यांची आठवण जागवायची, त्यांच्या निष्ठेला साजेसं काही बोलावं लागतं. ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर एक गोष्ट सांगत आले: गाणं ज्याच्या अंगणात जन्मतं, त्याची आठवण गाण्याबरोबर चालली पाहिजे. ती आठवण पुसण्याचा प्रयत्न झाला आणि तरी गाणं जिवंत राहिलं, अशी एक मोठी कहाणी आज मला तुम्हाला सांगायची आहे. ती घडली इथून फार लांब, कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर. त्या गाण्याचं नाव मेरेंगे. गाणं म्हणा, नाच म्हणा. तिथल्या माणसाला हे दोन वेगळे वाटतच नाहीत.

बेटाचं नाव हिस्पानिओला. 1492 साली कोलंबस याच बेटावर उतरला. आज त्याच्या पश्चिमेकडच्या सुमारे एकतृतीयांश भागात हैती हा देश आहे आणि पूर्वेकडच्या मोठ्या भागात डॉमिनिकन प्रजासत्ताक. या पूर्वेकडच्या देशाच्या उत्तरेला सिबाओ नावाचं सुपीक खोरं आहे. तंबाखूची शेती, लहान शेतकरी, आणि मध्यभागी सांतियागो हे शहर. मेरेंगे आज ज्या रूपात ओळखला जातो, ते रूप या खोऱ्यात घडलं.

मी तीन मुद्दे मांडणार आहे. पहिला, हे संगीत घडलं कशातून. दुसरा, त्याचा तिरस्कार कुणी केला आणि पुढे त्यालाच डोक्यावर का घेतलं. तिसरा, एका हुकूमशहानं ते आपल्या दावणीला बांधलं, तेव्हा काय झालं. आणि शेवटी, ते सुटलं कसं.

पहिला मुद्दा वाद्यांचा. गावाकडच्या मेरेंगेला ‘पेरिको रिपिआओ’ असं लाडकं नाव आहे. त्याचा मेळ लहानसा: तांबोरा, ग्विरा आणि अ‍ॅकॉर्डियन.

‘तांबोरा’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गवयामागे धरलेला तंबोरा येईल. तो विसरा. हा दोन्ही बाजूंनी चामडं मढवलेला ढोल आहे. मांडीवर आडवा घेतात किंवा गळ्यात अडकवतात. एका हातात काठी, दुसरा हात मोकळा. काठी एका बाजूच्या चामड्यावर आणि लाकडाच्या कडेवर पडते. दुसऱ्या बाजूला उघडा तळवा थाप देतो. काठीचा कोरडा ठोका आणि तळव्याची ओली थाप एकमेकांत गुंफली जातात, आणि त्या गुंफणीतून मेरेंगेची चाल निघते. हा ढोल आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वारशाचा आहे.

ग्विरा म्हणजे पत्र्याची पोकळ नळी. तिच्या अंगावर बारीक टोचे मारून ती खरखरीत केलेली असते आणि तारांच्या फणीनं ती सतत घासतात. खस्-खस् असा तिचा आवाज एकदा सुरू झाला की थांबत नाही. पत्रा येण्याआधी हे काम वाळलेल्या भोपळ्यावर खाचा पाडून केलेल्या वाद्याकडे होतं. ते बेटाच्या मूळ रहिवाशांचं, तायनो लोकांचं, असं डॉमिनिकन माणूस अभिमानानं सांगतो.

आणि अ‍ॅकॉर्डियन? तो आला जर्मनीहून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिबाओचा तंबाखू जर्मन बाजारात जात होता. त्या व्यापाराच्या वाटेनं बटणांचे छोटे अ‍ॅकॉर्डियन खोऱ्यात पोचले. त्याआधी मेरेंगे गिटारसारख्या तंतुवाद्यांवर वाजे. हे नवं वाद्य दणदणीत, टिकाऊ, एकट्यानं दहा जणांची मैफल भरून काढणारं. बघता बघता त्यानं तंतुवाद्यांना बाजूला सारलं. जाणकार हळहळले. या पेटीत मोजकेच सूर, आपल्या जुन्या चाली तिच्यात बसतील कशा, अशी तक्रार झाली.

श्रोतेहो, ही तक्रार आपल्या ओळखीची आहे ना? आपली पेटी, म्हणजे हार्मोनियम, याच घराण्यातली: वाऱ्यानं कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची, त्याच शतकात युरोपातून आलेली. तिच्यावरही आपल्या सुरांना न्याय न देण्याचा आरोप झाला आणि 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीनं तिला दार बंद ठेवलं. पण गावच्या भजनी मंडळानं तिला कधी दार बंद केलं नाही. सिबाओतही तेच झालं. तिथले शेतकरी अ‍ॅकॉर्डियन शिकले, त्याला आपल्या तालावर पळवू लागले, आणि न्यिको लोरासारखे वादक दंतकथेचे विषय झाले.

आता या तीन वाद्यांचं एक सोपं समीकरण त्या देशात सांगितलं जातं. अ‍ॅकॉर्डियन युरोपचा, तांबोरा आफ्रिकेचा, ग्विरा तायनोंची. तीन वंश एकत्र आले आणि मेरेंगे झाला. ऐकायला गोड आहे. त्यात सत्यही आहे. पण हे तिघं एका पंगतीला कसे बसले, ते या समीकरणात येत नाही. अ‍ॅकॉर्डियन आला तो विकत घेऊन, जहाजाच्या मालात. तांबोऱ्याची माणसं आली ती बेड्या घालून, जहाजाच्या तळाशी. आणि तायनोंची लोकसंख्या तर कोलंबसानंतरच्या काही दशकांतच युद्ध, सक्तीची मजुरी आणि रोगराई यांनी जवळजवळ संपली. तीन नावं एका दमात घेताना त्यांच्यामधलं हे अंतर आपण ऐकायला हवं.

नाचातही हेच दिसतं. स्त्री-पुरुष एकमेकांना धरून नाचतात, ती धरण्याची रीत युरोपच्या दिवाणखान्यातली. पाय मात्र जमिनीला चिकटून, एका ठोक्याला एक पाऊल, वजन या पायावरून त्या पायावर, आणि त्या वजनाबरोबर कंबर हलते. पाऊल इतकं लहान की फरशीच्या एका तुकड्यावर आख्खा नाच होतो. जुन्या मेरेंगेचे भागही पाहण्यासारखे आहेत. आधी ‘पासेओ’: जोडप्यांनी सभ्यपणे फेरी मारायची. मग मुख्य मेरेंगे, म्हणजे कडवी. आणि शेवटी ‘हालेओ’: एकानं छोटी ओळ फेकायची, बाकीच्यांनी झेलायची, पुन्हा फेकायची, पुन्हा झेलायची, आणि वादकानं मोकळं सुटायचं. दिंडी दरवाजानं आत शिरावं आणि थेट मागच्या अंगणात पोचावं, तसं. दरवाजा युरोपचा, अंगण आफ्रिकेचं.

या नाचाच्या जन्माच्या दोन दंतकथा सांगतात. एक अशी की गुलामांच्या पायात साखळदंड असल्यानं त्यांना एक पाय ओढत नाचावं लागे. दुसरी अशी की लढाईत पायाला जखम झालेला वीर गावात परतला आणि त्याचा मान राखायला सारं गाव लंगडत नाचलं. यातलं इतिहासात काहीच सिद्ध होत नाही. पण लक्षात घ्या, दोन्ही कथांत पाय दुखावलेला आहे. लोकांनी आपल्या सगळ्यांत आनंदी नाचाची जन्मकथा एका जखमेपाशी नेऊन ठेवली.

दुसरा मुद्दा, तिरस्कार आणि स्वीकार.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मेरेंगे या नावाचा नाच कॅरिबियनमध्ये पसरू लागला आणि प्रतिष्ठितांचा संताप झाला. शेजारच्या पोर्तो रिको बेटावर 1849 साली स्पॅनिश गव्हर्नर हुआन दे ला पेसुएला यानं या नावाच्या नाचावर बंदीच घातली. सांतो दोमिंगोमध्ये 1854 साली ‘एल ओआसिस’ या नियतकालिकातून शिकल्यासवरल्या तरुणांनी त्याच्यावर झोड उठवली. जुना, शालीन ‘तुंबा’ नाच मागे पडतोय आणि हे उथळ, निर्लज्ज प्रकरण घराघरांत शिरतंय, असा त्यांचा सूर.

एवढा राग का? नुसती कंबर हलते म्हणून? नुसता ढोल वाजतो म्हणून? उत्तरासाठी जरा मागे जावं लागतं. 1822 ते 1844 या काळात सगळ्या बेटावर हैतीचं राज्य होतं. गुलामांनी बंड करून, मालकांना हरवून उभा केलेला देश म्हणजे हैती. 27 फेब्रुवारी 1844 ला डॉमिनिकन लोक त्याच्यापासून वेगळे झाले. त्या दिवसापासून तिथल्या वरच्या वर्गानं आपली ओळख एका नकारावर बांधली: आम्ही हैतीसारखे नाही. म्हणजे आम्ही आफ्रिकी नाही, आमच्या अंगात स्पेन आहे. अशा घरात तांबोरा वाजला की घरमालकाला आरशात स्वतःचाच चेहरा दिसत होता. राग त्या आरशाचा होता.

मग हा नाच दिवाणखान्यात गेला कसा? एका अपमानामुळे. 1916 साली अमेरिकेच्या फौजा उतरल्या आणि 1924 पर्यंत त्यांनी देश ताब्यात ठेवला. परका मालक डोक्यावर बसला तेव्हा सिबाओतल्या सुशिक्षितांना एकाएकी गावचं संगीत आपलं वाटू लागलं. हुआन फ्रान्सिस्को गार्सिया, हुलिओ अल्बेर्तो एर्नांदेस अशा संगीतकारांनी मेरेंगे स्वरलिपीत उतरवला, त्याला सफाईदार कपडे चढवले. ‘पांबिचे’ हा मेरेंगेचा एक संथ प्रकारही याच काळातला मानतात. अमेरिकी सैनिकांना मूळ ताल जमेना म्हणून त्यांच्या अडखळत्या पावलांवरून तो निघाला, आणि ‘पाम बीच’ या कापडाच्या नावाचा तो अपभ्रंश, असं लोक सांगतात.

ज्यांनी काल नाकं मुरडली, त्यांनी आज गळ्यात घातला. मला या बदलाचा आनंद आहे. पण त्यात एक अट लपलेली होती, तीही नोंदवली पाहिजे. मेरेंगे आत आला, पण तांबोऱ्याचं कुळ दाराबाहेर ठेवून आला. हे स्पेनहून आलेलं, शेतकऱ्यानं जपलेलं संगीत आहे, असं लिहिलं गेलं. काठीचा हात सगळ्यांनी पाहिला. तळव्याचा हात कुणी पाहिला नाही.

तिसरा मुद्दा, आणि तो जड आहे.

राफाएल त्रुहियो. साध्या, मिश्रवर्णी घरातला मुलगा. त्याच्या आईकडून आलेल्या वारशात हैतीचं रक्त होतं. अमेरिकेनं उभारलेल्या दलात तो भरती झाला, भराभर वर चढला आणि 1930 साली सत्ता बळकावली. उच्चभ्रूंच्या क्लबांनी त्याला एकेकाळी दारातून परत पाठवलं होतं. त्यानं सूड उगवला तो संगीतानं. प्रचारदौऱ्यात त्यानं गावाकडचे मेरेंगेवाले बरोबर नेले. 1936 साली सांतियागोहून लुईस अल्बेर्ती यांचा वाद्यवृंद राजधानीत आणवला आणि त्या वृंदाचं नाव झालं ‘प्रेसिदेन्ते त्रुहियो वाद्यवृंद’. राजधानीचं नाव त्याच वर्षी ‘सिउदाद त्रुहियो’ झालं. शहरालाही त्याचं नाव, वाद्यवृंदालाही त्याचं नाव.

अल्बेर्ती थोर संगीतकार होते. त्यांच्या ‘कोंपाद्रे पेद्रो हुआन’वर आजही पाय आपोआप उचलतात. सॅक्सोफोन, ट्रम्पेट घेऊन त्यांनी मेरेंगेला मोठ्या नाचघरात उभं केलं. पण आता नाकारायची सोय उरली नव्हती. ज्या श्रीमंतांनी त्रुहियोला हिणवलं, त्यांना त्याच्यासमोर मेरेंगे नाचावा लागला. त्याच्या स्तुतीचे शेकडो मेरेंगे रचले गेले. त्याचा भाऊ ‘पेतान’ हा ‘ला व्होस दोमिनिकाना’ या केंद्राचा मालक. तिथून रेडिओवर, आणि 1952 पासून दूरचित्रवाणीवर, हे संगीत रोज ऐकवलं गेलं. उत्तम वादक, उत्तम गायक, नियमित पगार. आणि प्रत्येक तालामागे भीती.

आता मी तुम्हाला त्या एका महिन्याबद्दल सांगतो. ऑक्टोबर 1937. त्रुहियोच्या हुकुमावरून सीमेलगतच्या भागात हैतीच्या माणसांची आणि त्यांच्या वंशातल्या डॉमिनिकनांची कत्तल झाली. काही दिवसांत हजारो माणसं मारली गेली. माणूस ओळखायला सैनिक कोथिंबिरीसारखी एक भाजी पुढे करत आणि तिचं नाव विचारत, असं सांगितलं जातं. स्पॅनिशमध्ये तिला ‘पेरेहिल’ म्हणतात. हैतीच्या क्रिऑल बोलीत वाढलेल्या जिभेला त्यातला ‘र’ स्पॅनिश माणसासारखा उच्चारता येत नसे. ‘र’ चुकला की जीव गेला.

श्रोतेहो, तो शब्द पुन्हा म्हणून पाहा. पेरेहिल. आणि आता आपल्या विषयाचा शब्द म्हणा. मेरेंगे. दोन्हींत तोच ‘र’ आहे. ज्या ‘र’नं माणसं वेचून मारली, तोच ‘र’ राष्ट्राच्या लाडक्या नाचाच्या नावात बसलेला. आणि सीमेपलीकडे हैतीतही त्याच नावाचं संगीत आहे; क्रिऑलमध्ये त्याला ‘मेरेंग’ म्हणतात. एकाच बेटाची दोन भावंडं, आणि एकाच्या दारात दुसऱ्याचं रक्त. त्या महिन्यातही नाचघरं चालू असतील, ग्विरा खसखसत असेल, तांबोरा वाजत असेल. आफ्रिकेचा ढोल वाजवायचा आणि आफ्रिकेच्या लेकरांना मारायचं! हे कसं शक्य झालं? ढोलाचं कुळ आधीच पुसून ठेवलं होतं, म्हणून शक्य झालं. कलेचा इतिहास खोटा लिहिणं हा निरुपद्रवी गुन्हा नसतो. त्याची किंमत कधी ना कधी कुणीतरी जिवानं मोजतो.

30 मे 1961 च्या रात्री राजधानीबाहेरच्या रस्त्यावर त्रुहियोला गोळ्या घालून ठार केलं गेलं. लोक त्याला मागून ‘बोकड’ म्हणत. थोड्याच काळात एक मेरेंगे देशभर वाजू लागला, ‘मातारोन आल चिव्हो’, म्हणजे ‘बोकडाला मारलं’. पेरूचे कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा यांनी त्रुहियोवरच्या आपल्या कादंबरीच्या आरंभी याच गाण्याचा आधार घेतला. एकतीस वर्षं ज्या संगीताकडून आरती ओवाळून घेतली, त्याच संगीतानं शेवटी त्याच्या मरणाची दवंडी पिटली. सत्तेला गाणं राबवून घेता येतं. गाण्याची मालकी तिला मिळत नाही.

यानंतरचा भाग सुटकेचा आहे, आणि तो सांगताना मन हलकं होतं.

1960 च्या दशकात जॉनी व्हेंतुरा पुढे आला. मोठा वाद्यवृंद बाजूला ठेवून त्यानं आटोपशीर ताफा घेतला, वेग वाढवला, गायकांना रंगमंचावर नाचायला लावलं. भीतीत ताठ झालेलं संगीत पुन्हा घामाघूम झालं. हाच जॉनी व्हेंतुरा पुढे सांतो दोमिंगोचा महापौर झाला. 1965 च्या उठावानंतर आणि दुसऱ्यांदा उतरलेल्या अमेरिकी फौजांनंतर लाखो डॉमिनिकन पोटासाठी न्यू यॉर्कला गेले. मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन हाइट्स भागात त्यांची वस्ती वाढली. पेटाऱ्यात कपडे थोडे, पण मेरेंगे सोबत. 1980 च्या दशकात विल्फ्रिदो व्हार्गास आणि इतरांच्या ताफ्यांनी साल्साच्या बालेकिल्ल्यातही मेरेंगे पोचवला.

सिबाओतली फेफिता ला ग्रांदे ही बाई लहानपणीच अ‍ॅकॉर्डियन वाजवू लागली. हे पुरुषाचं वाद्य, असं म्हणणाऱ्यांसमोर तिनं आयुष्यभर ते वाजवलं आणि त्या वाद्यातली राणी ठरली. हुआन लुईस गेर्रा बोस्टनच्या बर्कलीत शिकून आला आणि 1989 साली ‘ओहाला के युएव्हा काफे’ या गाण्यात त्यानं खेड्यांवर कॉफीचा पाऊस पडावा, अशी प्रार्थना केली. नाचायच्या संगीतात त्यानं शेतकऱ्याची भूक आणून बसवली. 1992 साली त्यानं महागाईवर ‘एल कोस्तो दे ला व्हिदा’ केलं, आणि त्याची चाल घेतली काँगोच्या दिब्लो दिबाला या गिटारवादकाकडून. आफ्रिकेला विसरलेला मेरेंगे आफ्रिकेकडे उघडपणे मागायला गेला.

कुळाचा प्रश्नही उघड झाला. 1970 च्या दशकात लोककलांचे अभ्यासक फ्रादिके लिसार्दो यांनी मेरेंगेची मुळं आफ्रिकेत आहेत असं जाहीर सांगितलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला! पण वाद झाला म्हणजे विषय मांडला गेला. आणि सीमेबद्दल सांगायचं तर संगीतानं ती कधी मानलीच नाही. 1950 च्या दशकात हैतीत ‘कोंपा’ हा नवा नाच नेमूर जाँ-बाप्तिस्त यांनी घडवला, तेव्हा सीमेपलीकडून ऐकू येणारा डॉमिनिकन मेरेंगे त्यांच्या कानात होता. कत्तलीला वीस वर्षंही झाली नव्हती, आणि ताल पुन्हा सीमा ओलांडून गेला.

थोडक्यात सांगायचं तर, मेरेंगे तीन जगांच्या गाठीतून आला. ही गाठ सुखानं बसलेली नव्हती. त्याला आधी झिडकारलं, मग स्वीकारलं, आणि स्वीकारताना त्याच्या आईचं नाव खोडलं. त्या खोडलेल्या नावावर एका हुकूमशहानं आपलं राज्य उभं केलं. आणि तरीही सामान्य माणसांनी, शेतकऱ्यांनी, स्थलांतरितांनी, बायांनी तो परत मिळवला, कारण ते नाचायचे थांबले नाहीत.

2005 पासून डॉमिनिकन प्रजासत्ताकात 26 नोव्हेंबर हा राष्ट्रीय मेरेंगे दिन आहे. 2016 साली युनेस्कोनं हे संगीत आणि नाच मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आता एक दिवस मागे चला. 25 नोव्हेंबर. 1960 साली त्याच दिवशी त्रुहियोच्या माणसांनी पात्रिया, मिनेर्व्हा आणि मारिया तेरेसा या मिराबाल भगिनींना ठार मारलं. त्या सिबाओच्याच लेकी. त्यांच्या स्मरणार्थ आज सगळं जग 25 नोव्हेंबरला स्त्रियांवरील हिंसेचा निषेध करतं. म्हणजे त्या देशात एका दिवशी शोक असतो आणि दुसऱ्या दिवशी नाच.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. येत्या 26 नोव्हेंबरला घरी एक जुना मेरेंगे लावा. अ‍ॅकॉर्डियन आपोआप ऐकू येईल, त्यासाठी काही करावं लागत नाही. तुम्ही तांबोऱ्याकडे कान द्या. आधी काठी ऐका. मग, तिच्या खाली, उघड्या तळव्याची थाप ऐका. आणि यापुढे कुणीही, कुठल्याही देशात, एखाद्या कलेवर राष्ट्राचं नाव लिहू लागला, तर ते नाव लिहिताना कुणाचं नाव खोडलं, एवढं त्याला जरूर विचारा.